मारामारीचा हिशेब

घोड्यानें प्यादें मारलें, दुसऱ्या प्याद्यानें घोडा मारला, आणि हत्तीनें तें प्यादें उचललें. शेवटचा मार आपला झाला म्हणून नवशिका खूष होतो. पण एक मिळाला, तीन गेले, पुन्हां एक मिळाला, म्हणजे एकंदरींत तोटाच. यंत्रास बुद्धिबळ शिकविणारांपुढें हीच अडचण आरंभापासून होती. क्लॉड शॅनन यानें १९५० मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत प्याद्यास एक, घोडा व उंट यांस तीन तीन, हत्तीस पांच आणि वजिरास नऊ अशी किंमत धरली. परंतु मारामार निवल्यावांचून बेरीज करूं नये, असेंही बजावलें. पुढें आज्ञावली लिहिणारांनीं रीत बसविली ती अशी: वादाच्या घरावर दोन्ही पक्षांनीं आळीपाळीनें मारावें, प्रत्येकानें आपलें सर्वांत स्वस्त मोहरें आधीं धाडावें, आणि पुढें तोटा दिसेल तेथें थांबण्याची मुभा उभयतांस असावी. हिशेब मात्र शेवटाकडून मागें मांडावयाचा.

थांबण्याची ही मुभा आम्हांस फार मोलाची वाटते. ती गाळली, तर प्रतिपक्ष आपल्या सोयीचा मूर्खपणा करीलच असें धरून चालल्यासारखें होतें. हा दोष यंत्रांपेक्षां मुत्सद्यांत अधिक!

घर केव्हां निवलें हें पटावर ठरवितां येतें. मुलखाच्या वादांत तें सोपें नाहीं. आमच्या ठाण्याचाच दाखला घ्या. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास त्यांच्या फौजेनें साष्टी परत देण्याचें कबूल केलें. त्या दिवशीं वही मिटणारानें इंग्रज बुडाले असेंच लिहिलें असतें. पण मुंबई व कलकत्ता येथील सरकारांनीं तो करार धुडकावला. १७८० मध्यें कल्याण पडलें, मग वसई. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परत आली. साष्टी गेली ती गेलीच.

राहतें तें स्वस्त मोहरें आधीं धाडण्याचें कलम. पटावर तें निरुपद्रवी आहे, कारण मेलेलें प्यादें दुसऱ्या डावास पुन्हां उभें राहतें. ठाण्याचा किल्ला पडला तेव्हां आंतल्या शिबंदीपैकीं बहुतेकांची कत्तल झाली. तहानें किल्ले परत करतां येतात. ही माणसें कोणत्या कलमानें परत करावीं? म्हणून गणितास आम्ही दोष देत नाहीं. यंत्रास निदान प्याद्याची किंमत आधीं उघडपणें सांगावी लागते. शिबंदीच्या माणसाची किंमत पुण्यास किंवा मुंबईस कोणी कधीं लिहून ठेविली होती काय?