घरच्यांची गवाही

एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अटक झाल्याची बातमी छापून येते. त्यात शेवटी एक ओळ असते : आमचा मुलगा निर्दोष आहे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. वाचणारा त्या ओळीवर थांबत नाही. घरचे दुसरे काय म्हणणार? आईने मुलाच्या बाजूने दिलेल्या गवाहीला वजन नसते, हे आपण गृहीतच धरले आहे. शिवाय सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत इन्साफाची बाजू स्वतःच्या, आई-बापाच्या आणि नातलगांच्या विरुद्ध गेली तरी सोडू नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. मग आरोपी मुलाच्या मागे उभे राहणारे घर या आज्ञेच्या विरुद्ध वागते का?

याच सूरहच्या १०५ व्या आयतीपासून पुढे एका चोरीचा संदर्भ येतो. तपशिलात फरक असले तरी तफसीरकार ती घटना साधारण अशी सांगतात. मदिन्यात तुअमा बिन उबैरिक नावाच्या माणसाने एकाचे चिलखत चोरले. चोरी उघडकीला येऊ लागताच ते एका यहुद्याकडे सापडेल, अशी व्यवस्था केली. तुअमाचा कबिला पैगंबरांकडे (स.) आला आणि आपला माणूस निर्दोष असल्याचे सांगू लागला. वहीने मात्र त्या यहुद्याला निर्दोष ठरवले आणि कबिल्याला फटकारले. चोर मुसलमान होता, आळ आलेला माणूस यहुदी होता आणि निकाल यहुद्याच्या बाजूने लागला. आपल्या वस्तीत ही घटना अधिक वेळा सांगितली जायला हवी, असे मला वाटते. आपल्या माणसाला वाचवण्यासाठी त्या कबिल्याने दुसऱ्या निरपराध माणसाच्या गळ्यात दोष अडकवला होता.

आता न्यूयॉर्कची एक हकीकत पाहू. १९ एप्रिल १९८९ च्या रात्री तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणीवर बलात्कार झाला आणि तिला मरणाच्या दारापर्यंत मारहाण झाली. शुद्धीवर आल्यावर तिला त्यातले काहीच आठवत नव्हते. त्याच रात्री पोरांचा एक मोठा घोळका उद्यानात फिरत होता आणि त्यातल्या काहींनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना मारलेही होते. पोलिसांनी पाच मुलांना आरोपी केले. रेमंड सँटाना आणि केविन रिचर्डसन चौदा वर्षांचे, अँट्रॉन मॅक्रे आणि युसुफ सलाम पंधरा वर्षांचे आणि कोरी वाइज सोळा वर्षांचा. चौघे काळे, एक लॅटिनो. युसुफ मुसलमान. कोरीचे नाव तर पोलिसांच्या यादीतही नव्हते. तो फक्त दोस्ताच्या, युसुफच्या, सोबतीला ठाण्यात गेला होता. तासन् तास चौकशी झाली आणि चौघांनी कॅमेऱ्यापुढे कबुली दिली. १ मे रोजी डोनाल्ड ट्रम्प या बिल्डरने चार वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन फाशीची शिक्षा परत आणण्याची मागणी केली. खटला तेव्हा उभाही राहिला नव्हता.

युसुफची कबुली कॅमेऱ्यावर नाही, कारण त्याची आई शॅरन सलाम ठाण्यात पोहोचली. सोळा वर्षांखालच्या मुलाच्या चौकशीच्या वेळी पालकांना सोबत राहू द्यावे, असा तिथे दंडक होता. युसुफच्या बसच्या पासावर वय सोळा लिहिले होते आणि पोलीस त्याच्यावर बोट ठेवून बसले. मुलगा पंधराचा आहे, मला त्याला भेटू द्या, चौकशी थांबवा, एवढेच आई सांगत राहिली. तिने चौकशी थांबवली. पोलिसाने लिहून घेतलेल्या जबाबावर मुलाची सही होऊ दिली नाही.

तिने काय मागितले, हे नीट पाहिले पाहिजे. माझा मुलगा निष्पाप आहे म्हणून त्याला सोडा, असा आग्रह तिने धरला असता तर तो पोलिसांनी का मानावा? त्या रात्री तो उद्यानात कुठे होता, हे तिने स्वतः पाहिले नव्हते. तिने मागितले ते कोणत्याही मुलासाठी मागता आले असते, गुन्हा केलेल्या मुलासाठीसुद्धा. त्यासाठी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवावे लागले नाही. कबिल्याची बाजू आणि या आईची बाजू यांत मला फरक दिसतो तो इथे.

तरीही मुलगा वाचला नाही. सही नसलेल्या जबाबाच्या आधारेच १९९० मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवले. डीएनए पाचांपैकी एकाशीही जुळला नव्हता. १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, एका न्यायमूर्तीचा विरोध सोडता, युसुफची शिक्षा कायम केली. पुढे २००२ मध्ये मातियास रेयेस नावाच्या कैद्याने गुन्हा आपण एकट्याने केल्याचे सांगितले. डीएनए त्याचाच निघाला. त्याच डिसेंबरमध्ये पाचांच्या शिक्षा रद्द झाल्या. २०१४ मध्ये शहराने ४ कोटी १० लाख डॉलर भरपाई देऊ केली. २०२३ मध्ये युसुफ हार्लेममधून नगर परिषदेवर निवडून आला.

रेयेसबद्दल एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. पाच पोरांवर आरोप ठेवलेले असताना तो मोकळा होता आणि जून १९८९ मध्ये त्याने एका गरोदर बाईचा खून केला. आरोपीच्या घरच्यांचे ऐकणे म्हणजे पीडित स्त्रीवर अन्याय, असे म्हणणाऱ्यांनी त्या बाईचा विचार करावा.

अँट्रॉनचे वडीलही ठाण्यात होते. सुरुवातीला ते मुलाच्या बाजूने होते. पोलिसांशी बोलून परत आल्यावर त्यांनी मुलाला सांगितले की, यांना जे ऐकायचे आहे ते सांग म्हणजे घरी जाशील. मुलाने बापाचे ऐकले. मोठेपणीही त्याला बापाला माफ करणे जड गेले. मी त्या बापाला दोष द्यायला धजत नाही. त्याचे प्रेम शॅरन सलामपेक्षा कमी होते, असे कोण म्हणेल? पण पोराला वाचवण्यासाठी त्याने खोटी गवाही मान्य केली आणि त्या खोट्यानेच पोरगा आत गेला. रेमंडसोबत त्याची आजी होती. तिला स्पॅनिश येत होते, इंग्रजी जवळजवळ नाही. कायद्याला हवे असलेले मोठे माणूस खुर्चीवर हजर होते, एवढेच.

वर्गात शिकवणाऱ्याला हे वाचून नवल वाटत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला ऑफिसात अर्धा तास उभे केले की तो न केलेली खोडीसुद्धा कबूल करतो. बी.एड.ला किशोरवयावर जे शिकलो त्यापेक्षा हे मला शाळेच्या ऑफिसाबाहेरच्या बाकाने जास्त शिकवले.

आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. १९९९ च्या मकोकासारख्या कायद्यात मात्र वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला पकडल्यास पालकांना कळवायचे, त्याला लॉकअपमध्ये ठेवायचे नाही आणि २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचे असते. हे ज्या घराला ठाऊक असते, ते घर ठाण्यात जाऊन रडण्याऐवजी तारीख, वेळ आणि जन्मदाखला मागते.

रेमंडच्या आजीचा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या किती अम्मींना मराठीत टाइप केलेला जबाब वाचता येतो? घरात उर्दू, ठाण्यात मराठी. त्या कागदाखाली अंगठा उठवायला सांगितले तर त्या विचारतात तरी कुणाला? उर्दू शाळेत मराठीचा तास म्हणजे पास होण्यापुरते पस्तीस गुण, अशी आपली समजूत आहे. दहावीच्या मुलांना मी आता धड्यांच्या जोडीला कोऱ्या पंचनाम्याचा एक नमुना वाचायला देतो. ‘समक्ष’ आणि ‘अन्वये’ या दोन शब्दांपाशी सगळे अडतात.