पहिले शील, चौथे शील आणि शाळेची प्रयोगवही

नववीच्या वर्गात ताकातील जीवाणू पाहण्याचे प्रात्यक्षिक चालू होते. ताकाचा थेंब काचपट्टीवर पसरावयाचा, वाळू द्यावयाचा, मग ती काचपट्टी स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून दोनतीनदा झटकन फिरवावयाची आणि नंतर त्यावर मिथिलीन ब्लूचा थेंब टाकावयाचा. ज्योतीवरून कशासाठी, असे मी विचारले. जीवाणू काचेला चिकटून राहावेत म्हणून, असे बरोबर उत्तर आले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. ‘सर, मग ते मरत असतील ना? आम्ही दर रविवारी विहारात पंचशील घेतो. माझे पहिले शील मोडले का?’

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. या मुलाच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. ज्या घरात शील नव्याने आले आहे, त्या घरात असे प्रश्न खरोखरीच पडतात. ढेकूण मारावा की नाही, कोंबडी आणावी की नाही, यावरून रात्री जेवताना वाद होतात. आपल्या जुन्या बौद्ध घरांत हे प्रश्न आता फारसे कोणी विचारीत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

अट्ठकथाकारांनी प्राणिहत्या घडण्यास पाच गोष्टी लागतात असे सांगितले आहे: समोर प्राणी असणे, तो जिवंत आहे हे ठाऊक असणे, मारण्याचा विचार मनात असणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि त्या प्रयत्नाने त्याचा मृत्यू होणे. आता हा मुलगा चाणाक्ष. ताकात जीव आहेत हे त्याला ठाऊक, ज्योत लावतो आहोत हेही ठाऊक. म्हणजे शब्दाला शब्द लावला तर त्याचे म्हणणे अगदीच खोटे ठरत नाही. जीवाणूला मज्जातंतू नाहीत, त्याला वेदना होते असे म्हणण्यास काही आधार नाही, असे मी त्याला सांगितले. पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. त्या काळी भिक्षूच्या आठ वस्तूंत पाणी गाळण्याचे फडकेही असे, कारण पाण्यातले जीव पोटात जाऊ नयेत. मग आमच्या ताकाचे काय?

पण तीच भिक्षूंची विनयपिटके जीवकाचीही हकीकत सांगतात. तक्षशिलेस शिकून आलेल्या या वैद्याने राजगृहातील एका श्रेष्ठीचे मस्तक उघडले, आतले दोन किडे बाहेर काढले आणि जमलेल्या लोकांस ते दाखविले. त्याच्या हातून शील मोडले असे कोणी म्हटल्याचे दिसत नाही. उलट भगवंतांवर उपचार करण्याचा मान त्यालाच मिळाला. शरीर आतून कसे आहे हे पाहू नये, असे धम्माने कधी सांगितलेले नाही. यकृत, प्लीहा, फुप्फुस, हृदय यांची नावे घेत शरीराचे भान ठेवण्याचा अभ्यास तर सुत्तांतूनच दिला आहे.

बाबासाहेबांनी हा गुंता आपल्यासाठी बराच सोडवून ठेवला आहे. त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. अहिंसा हा नियम नाही, तत्त्व आहे, असेही ते मांडतात. नियम डोळे मिटून पाळता येतो. तत्त्वाला प्रत्येक वेळी विचार करावा लागतो. म्हणून त्या मुलाला मी उलट विचारले, ‘तुझी आई दूध का तापवते? पावसाळ्यात पाणी का उकळते?’ तो म्हणाला, ‘आजारी पडू नये म्हणून.’ ‘आणि आपण ताक कशाला पाहतो आहोत?’ तो थांबला. मग म्हणाला, ‘पाहण्यासाठी.’

याच शब्दापाशी मी अडलो. कारण एकदा माझ्या हातूनही एक जीव गेला होता आणि पाहिले मात्र कोणीच नव्हते.

मी बी. एस्सी.ला होतो, वर्ष २००७. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बेडूक होते. क्लोरोफॉर्म देऊन, मेणाच्या थाळीत टाचण्यांनी ताणून ठेवलेले. आमच्या गटातल्या दोघांनी हात मागे घेतले. शिकविणारे सर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तू कर, तुमच्या लोकांना सवय असते.’ मेलेली ढोरे ओढण्याची सवय त्यांना सुचवावयाची होती. जे काम सोडा म्हणून बाबासाहेबांनी आयुष्यभर कंठशोष केला, ते माझ्या आजोबांनी तरुणपणीच सोडले होते. वडिलांनी तर ते कधी केलेच नाही. माझ्या हातात फक्त ते आडनाव होते. मी कात्री घेतली. छाती उघडली तेव्हा तीन कप्प्यांचे ते हृदय अजून चालू होते. मी एकट्याने पाहिले. बाकीचे खिडकीशी गप्पा मारीत उभे होते. संध्याकाळी सर्वांच्या प्रयोगवहीत हृदयाची एकसारखी सुबक आकृती होती, मागील वर्षीच्या वहीवरून उतरविलेली. माझ्याही. मला दिसलेले हृदय त्या आकृतीपेक्षा वेगळे, वाकडे होते. पण मी तसे काढले नाही.

अपमानाचे दुःख तेव्हा मोठे वाटले. ते अजूनही आहे. पण त्या मुलाच्या प्रश्नाने दुसरेच उघडे केले. तो बेडूक कशासाठी मेला? चित्र तर पुस्तकात आधीपासून होतेच. जे पाहावयाचे म्हणून मारले, ते पाहिले नाही आणि पाहिल्याचे लिहिले. म्हणजे पहिल्या शिलाची सबब जिच्यावर उभी होती, ती गरजच आम्ही चौथे शील मोडून नाहीशी केली.

विच्छेदनाचा प्रश्न आता बराचसा मिटला आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या सतराव्या कलमातच पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे प्रयोग टाळावेत आणि केवळ हाताचे कसब यावे म्हणून प्रयोग करू नयेत, असे म्हटले होते. ते पाळावयास मात्र फार वर्षे लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली हे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सांगितले आणि २०१४ साली प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांतून ते बंद केले. शाळेतून तर बेडूक केव्हाच गेला. प्रयोगवही मात्र होती तशीच आहे.

यंदाचीच गोष्ट. दहावीला प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग होता. जास्वंदीच्या पानाला काळ्या कागदाची पट्टी लावावयाची, उन्हात ठेवावयाचे, मग पान पाण्यात उकळून, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढावयाचा आणि आयोडीन टाकावयाचे. उन्हातला भाग निळाकाळा होतो, झाकलेला तपकिरी राहतो. पुस्तकात असेच आहे. आमच्या टेबलावर मात्र बहुतेकांचे पान सगळेच निळेकाळे झाले. तरी चाळीस वह्यांपैकी एकोणचाळीस वह्यांत ‘झाकलेला भाग निळा झाला नाही’ असे निरीक्षण होते. एका मुलीने लिहिले होते, ‘माझे संपूर्ण पान निळे झाले. कारण कळले नाही.’ मी तिला पूर्ण गुण दिले.

दोन दिवसांनी तिचे वडील आले. जिनिंगमध्ये कामाला आहेत; त्यांनीही अलीकडेच दीक्षा घेतली आहे. ‘जयभीम सर,’ म्हणून बसले आणि सरळ बोलले, ‘पुस्तकात एक आणि पोरीच्या वहीत एक. तुम्ही गुण दिले, पण उद्या बाहेरचा परीक्षक आला तर? मोठ्या घरची पोरगी असं लिहील तर तिला हुशार म्हणतील. माझी लिहील तर म्हणतील, हिला प्रयोग जमला नाही.’

‘दादा, तिने खोटे लिहिले असते तर चालले असते का?’ मी विचारले.

‘सगळे लिहितात सर. आम्हालाच खरं परवडतं का, एवढं सांगा.’

याचे पुरते उत्तर माझ्याजवळ नव्हते. २००७ साली मीही हाच हिशेब केला होता. ज्याच्यावर आधीच संशय आहे त्याने खरे लिहिणे महाग पडते, हे मी स्वतः भोगले आहे. त्यांना उपदेश करण्याचा मला काय अधिकार? पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली. देव्हाऱ्यातल्या ज्या गोष्टी आपण सोडल्या, त्या का सोडल्या? कोणीतरी सांगितले म्हणून माने हलवायची, स्वतः पाहावयाचे नाही, हेच ना त्यात होते? भगवंतांनी कालामांना सांगितले ते हेच, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका. पुस्तकात आहे म्हणून निळे पान तपकिरी लिहावयाचे, तर मग पोथीतले काय चुकले होते?

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पण पान निळं झालं कशामुळं?’

मला हा प्रश्न वर्गातल्या चाळीस मुलांकडून हवा होता. आम्ही दोघे प्रयोगशाळेत गेलो. कुंडी खिडकीत होती. पानात आदल्या दिवसांचा स्टार्च साठून राहिलेला असतो. झाड आधी एकदोन दिवस अंधारात ठेवून तो संपवावा लागतो. मी ते शिपायाला सांगितले होते, पण नंतर पाहिले नव्हते. चूक माझी होती. त्या मुलीच्या एका ओळीने ती सापडली. बाकीच्या एकोणचाळीस ओळींनी ती झाकली असती.

कुंडी दोन दिवस कपाटात ठेवली. पुन्हा पट्टी लावली, पुन्हा उन्हात ठेवली. या वेळी पट्टीचा भाग तपकिरी राहिला. मुलीने विचारले, ‘सर, आता आधीचे खोडू?’ मी म्हटले, खोडू नको, खाली आजची तारीख टाकून दुसरे लिही. तिचे वडील दाराशी उभे होते. ‘दोन्ही ठेवायचे?’ त्यांनी विचारले. दोन्ही, मी म्हटले. परीक्षक काय म्हणेल याची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर अजून होती, आणि खरे सांगायचे तर माझ्याही.