टाके कुठपर्यंत होते?

दुसऱ्या खेपेला दिवस गेले की घरातली माणसं निर्धास्त होतात. पहिलटकरणीला जे सोसायचं ते सोसून झालं, आता काय, वाट मोकळी झालेली आहे, असं आत्या सांगते, जाऊ सांगते, शेजारीण सांगते. बाई मात्र आठव्या महिन्यात रात्री जागी असते. कळांची आठवण एव्हाना पुसट झालेली असते, टाक्यांची नाही. पुन्हा फाटेल का? पुन्हा महिनाभर एका कुशीवर टेकून बाळाला पाजावं लागेल का? मागच्या वेळी कित्येक आठवडे वारा आवरत नव्हता, शौचाला घाईने धावावं लागत होतं, ते या वेळी कायमचं तर राहणार नाही ना? यातलं शेवटचं ती आईलाही सांगत नाही. धीर करून टाक्यांचा विषय काढलाच, तर उत्तर ठरलेलं असतं: टाके सगळ्यांनाच पडतात.

उत्तर खोटं नाही. पहिल्यांदा योनीमार्गे बाळंत होणाऱ्या 10 बायकांपैकी जवळपास 9 जणींना थोडंफार फाटतंच, किंवा चिरा दिला जातो. पण ‘टाके’ या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या जखमा येतात. पहिल्या दर्जाची जखम फक्त कातडीची. दुसऱ्या दर्जात योनी आणि गुदद्वार यांच्या मधले स्नायू फाटतात. बहुतेकींना पडतात ते टाके या दोन प्रकारचे, आणि ते चार-सहा आठवड्यांत भरून येतात. तिसऱ्या दर्जात गुदद्वार आवळून धरणारा स्नायू फाटतो, चौथ्यात त्याच्या आतलं अस्तरही. वारा न आवरणं, शौचाचा ताबा सुटणं ही दुखणी मुख्यतः या शेवटच्या दोन प्रकारांची. पहिल्या दर्जाची जखम झालेल्या बाईला आणि चौथ्या दर्जाची जखम झालेल्या बाईला आपण एकाच वाक्यात धीर देतो, आणि दुसरीला तो धीर पोचत नाही.

पुन्हा फाटण्याच्या शक्यतेचे आकडे पुष्कळ दिलासा देणारे आहेत. ब्रिटनमधल्या नोंदींनुसार पहिल्या बाळंतपणात साधारण 100 पैकी 6 जणींना तिसऱ्या किंवा चौथ्या दर्जाची जखम होते. ज्यांना ती एकदा झाली, त्यांच्यातल्या 100 पैकी 5 ते 7 जणींना पुढच्या योनीमार्गी बाळंतपणात ती पुन्हा होते. म्हणजे 90 हून अधिक जणी त्यातून सुटतात. नीट शिवलेल्या जखमेनंतर 100 पैकी 60 ते 80 जणींना वर्षभराने काहीच त्रास उरलेला नसतो. ज्यांची जखम पहिल्या-दुसऱ्या दर्जाची होती त्यांना तर दुसऱ्या वेळी बहुधा कमीच फाटतं, कारण जागा एकदा ताणलेली असते आणि बाळ बाहेर येण्याचा शेवटचा टप्पाही लहान असतो.

पण हे आकडे स्वतःला लावून पाहायचे तर आपली जखम कोणत्या दर्जाची होती हे बाईला ठाऊक हवं. घोडं अडतं ते इथे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. भंडाऱ्याला, उमरेडला, यवतमाळला कुठेतरी ते होतं. दुसऱ्या वेळी ती नागपुरात सासरी असते आणि डागा, मेयो, मेडिकल या सरकारी रुग्णालयांत किंवा घराजवळच्या खासगी दवाखान्यात नाव घालते. सोबत मागच्या वेळचं कार्ड असलंच तर त्यावर तारीख असते, ‘नॉर्मल’ असं लिहिलेलं असतं, बाळाचं वजन असतं. टाके कुठपर्यंत गेले होते, गुदद्वाराचा स्नायू शिवावा लागला होता का, हे बहुतेकदा त्यावर नसतं. ते तिला तोंडीही कुणी सांगितलेलं नसतं. तिची भीती ही तिच्या मनाची दुर्बळता आहे असं मी मानत नाही. स्वतःच्या शरीरावर झालेल्या जखमेचं नाव ज्या माणसाला सांगितलेलं नाही, ते माणूस घाबरणारच.

काही जखमा तर दिसतच नाहीत, कारण त्या शोधल्या जात नाहीत. टाके घालण्यापूर्वी गुदद्वारात बोट घालून आतला स्नायू शाबूत आहे ना हे तपासायचं असतं. मिनिटभराचं काम. प्रसूतिकक्षात एकापाठोपाठ एक बाया येत असतात, हाताखाली माणसं कमी असतात, हे मला मान्य आहे. पण ते मिनिट वाचवलं तर वरची कातडी शिवली जाते, खालचा स्नायू तसाच राहतो, आणि ती बाई पुढे वर्षानुवर्षं लग्नाकार्याला जायचं टाळते.

बाईचं दुखणं विचारलंच न जाण्याची ही सवय जुनी आहे आणि विदर्भातच ती मोजली गेली आहे. नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेल्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला. 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. जगातल्या वैद्यकशास्त्राला ही माहिती नवी होती. त्या गावांतल्या बायकांना नव्हती.

याच नागपुरात 1921 साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई लहान वयात विधवा झालेल्या, परिचर्येचं आणि सुईणपणाचं शिक्षण घेतलेल्या. विधवेची सावलीही बाळंतिणीच्या खोलीवर पडू न देणाऱ्या काळात त्या बाळंतपणं करत होत्या. तेव्हाचा प्रश्न आई आणि मूल जगतं की नाही हा होता. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. इतक्या जणी दवाखान्याच्या दारापर्यंत आल्या आहेत, तर त्या घरी कोणत्या अवस्थेत परततात हे विचारायची वेळ आता आली आहे.

चिऱ्याचंच पाहा. आपोआप वेडंवाकडं फाटण्यापेक्षा कात्रीने सरळ कापलेलं बरं, ही समजूत विसाव्या शतकात जगभर रुजली. 1993 साली अर्जेंटिनातल्या 2,606 स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि सरसकट चिरा देण्याने मोठ्या जखमा टळत नाहीत हे दिसलं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सरसकट चिरा देऊ नये अशी स्पष्ट शिफारस केली. त्याच शिफारशींत वरून पोट दाबून बाळ ढकलू नये असंही आहे. गरज पडली तर चिरा द्यावाच लागतो. तो तिरपा, पुरेशा कोनात दिला तर गुदद्वाराचा स्नायू वाचतो. पण पहिलटकरीण आहे म्हणून चिरा, मागच्या वेळी चिरा होता म्हणून याही वेळी चिरा, हा वैद्यकीय विचार नव्हे.

दुसऱ्या खेपेला करण्यासारखं बरंच काही आहे, आणि त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत. बाळाचं डोकं दिसू लागलं की त्या जागी कोमट पाण्यात पिळलेला कपडा धरून ठेवला तर तिसऱ्या-चौथ्या दर्जाच्या जखमा कमी होतात. डोकं बाहेर येताना एका हाताने खालचा भाग सांभाळायचा, दुसऱ्याने डोक्याचा वेग आवरायचा, आणि बाईला ‘जोर लाव, जोर लाव’ म्हणण्याऐवजी नेमक्या त्या क्षणी फुंकर घालायला, थांबायला सांगायचं. नवव्या महिन्यात योनीत तेलाचा पिचू ठेवून मार्ग स्निग्ध करावा असं चरकसंहितेत आहे; आजचं शास्त्र चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून तेलाने मालीश सुचवतं. त्याचा उपयोग पहिलटकरणींना अधिक, दुसऱ्या वेळी तो मुख्यतः नंतरचं दुखणं कमी होण्यापुरता. सोबतीला ओळखीची बाई असू द्यावी, हे केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांसाठी मान्य केलं आहे. ऐन वेळी ‘थांब, आता हळू’ हे शब्द अनोळखी आवाजापेक्षा बहिणीच्या आवाजात लवकर कानात शिरतात.

मग सिझर? ज्या बाईचा ताबा अजूनही सुटतो, किंवा तपासणीत स्नायू कमकुवत दिसतो, तिच्याशी सिझरच्या पर्यायावर मोकळेपणाने बोलायलाच हवं. तिने तो निवडला तर ‘एवढं काय झालं होतं?’ असं विचारण्याचा हक्क सासरच्या कुणालाही नाही. पण जिची जखम दुसऱ्या दर्जाची होती आणि जिला हे कुणी सांगितलंच नाही, ती निव्वळ अंधारापोटी पोट कापून घेत असेल, तर तेही मला सलतं. त्या शस्त्रक्रियेचा धोका पुढच्या प्रत्येक गरोदरपणात वाढतो. 2019–21 च्या त्याच सर्वेक्षणानुसार राज्यात चारातलं एक बाळंतपण सिझरने झालं. त्यातली किती या न सांगितलेल्या जखमेपायी झाली, हे कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही.

दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येते. नवजात बाळाला घरी जाऊन पाहण्याची ही पद्धत गडचिरोलीतच घडली आणि पुढे देशभर गेली. आशाताई बाळाचं वजन करते, अंगावरचं पितं ना विचारते. बेचाळिसाव्या दिवशी, सासूला जरा बाहेर बसवून, तिने आणखी दोन प्रश्न विचारावेत: वारा आवरतो का, आणि शौचाची घाई सोसवते का. एका जरी उत्तरात ‘नाही’ आलं तर बाईला तिथूनच तज्ज्ञाकडे पाठवावं. आणि दवाखान्याने कार्डावर बाळाच्या वजनाखाली एक ओळ ठेवावी, जखमेचा दर्जा आणि काय शिवलं एवढं लिहिण्यापुरती. ते कार्ड माहेरच्या ट्रंकेत राहू न देता दुसऱ्या खेपेला नागपूरला घेऊन येणं, हे मग तिच्या आईचं काम.