संजयाची काळजी

दूर देशी चाललेल्या युद्धाची हकीकत सांगणाऱ्या, आपल्या आवडत्या वार्ताहराची काळजी वाटणे हा मनाचा गुण म्हणावा की दोष? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु आमच्या घरी त्याने पुष्कळ दिवस मुक्काम केला, आणि त्याच्या निमित्ताने माझी एक चूक मला उमगली. म्हणून तो सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर स्वारी केली. त्या दिवसांत सायंआरती आटोपून देवळाचे दार लोटले की आई वातींचा कापूस घेऊन दूरचित्रवाणी संचासमोर बसे. एका हिंदी वाहिनीची तरुण वार्ताहर कीव्ह शहरातून बोलत असे. अंगात जाड चिलखती जाकीट, डोक्यावर शिरस्त्राण. बोलता बोलता भोंगा वाजला की ती मान वर करून आकाशाकडे पाही, आणि इकडे आईच्या हातातली वात अर्धवट वळलेली राही. एखाद्या रात्री ती मुलगी दिसली नाही तर आईला झोप येत नसे. दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवा लावताना ती तिच्यासाठीही हात जोडी.

मला हे काहीसे हास्यास्पद वाटे. एके रात्री मी म्हणालो, "आई, तिथे हजारो माणसे मरताहेत, लाखो बेघर झाली आहेत, आणि तुला काळजी एकट्या तिची! ती तर काम संपले की विमानाने घरी येईल."

आई शांतपणे म्हणाली, "खरे आहे रे. पण बाकीच्यांची तोंडे मला कुठे दिसतात?"

नाना पोथी वाचीत होते. ते काहीच बोलले नाहीत. मला मात्र आपण वादात जिंकलो असे वाटले.

पुढे वाटू लागले की आईच्या उत्तरातच खरा प्रश्न दडलेला आहे. माणसाची करुणा आकड्यांना पाझरत नाही, ती चेहऱ्याला पाझरते. हा मानवी स्वभाव आहे, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु ज्याला चेहरा लाभला त्याच्यामागे अनेक जण अंधारात उभे असतात, हेही विसरून चालणार नाही.

याच युद्धातील गोष्ट. १४ मार्च २०२२ रोजी कीव्हजवळच्या होरेन्का गावी फॉक्स न्यूज या अमेरिकन वाहिनीच्या पथकाच्या गाडीवर मारा झाला. प्रेक्षकांच्या ओळखीचा वार्ताहर बेंजामिन हॉल एक पाय, दुसऱ्या पायाचे पाऊल आणि एका डोळ्याची दृष्टी गमावून वाचला. त्याचा कॅमेरामन पिएर झाक्रझेवस्की आणि त्यांना मदत करणारी युक्रेनची पत्रकार ओलेक्सांद्रा कुवशिनोव्हा ही दोघे मरण पावली. कुवशिनोव्हा चोवीस वर्षांची होती, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाची. २००३ साली इराकमध्येही असेच घडले होते. २२ मार्च रोजी बसऱ्याजवळ ब्रिटनचा नामांकित वार्ताहर टेरी लॉइड मारला गेला. त्याच्याबरोबर त्याचा दुभाषी हुसेन उस्मान गेला आणि कॅमेरामन फ्रेडरिक नेराक बेपत्ता झाला. ब्रिटनमधील किती घरांनी लॉइडसाठी हळहळ केली असेल! त्यांपैकी किती घरांना उस्मानचे नाव ठाऊक असेल? आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून गाझामध्ये शंभराहून अधिक पत्रकार मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक तिथलेच रहिवासी. त्यांना परतण्यासाठी दुसरे घर नव्हते.

दुसरी शंका याहून बोचरी आहे. ज्या संकटाची आपण काळजी करतो, त्यात त्या माणसाला आपणच तर लोटीत नाही ना? डेव्हिड ब्लूम हा अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीचा लोकप्रिय वार्ताहर. २००३ साली सैन्य बगदादकडे कूच करीत असताना चालत्या वाहनातून थेट चित्रे पाठविता यावीत, अशी खास गाडी त्याच्यासाठी सज्ज केली होती. धुळीच्या लोटात उभे राहून तो बोले आणि लोक घरबसल्या सैन्याबरोबर वाळवंट तुडवीत. त्यांना भीती वाटली असेल ती गोळीची. ६ एप्रिल रोजी त्याला मृत्यू आला तो मात्र पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेल्यामुळे. दिवसचे दिवस अडचणीच्या जागी पाय आखडून बसावे लागले होते. वय अवघे एकोणचाळीस. आपल्याला सर्व काही घडता क्षणीच पाहावयाचे असते, त्याची किंमत अशीही कोणी तरी मोजीत असतो.

मग संच बंद करून बसावे काय? तसेही म्हणता येत नाही. रणांगणावर पाहणारा डोळाच नसेल, तर तिथला अन्याय कोणाला कळणार?

येथे संजयाची आठवण होते. तो राजवाड्यात सुखरूप बसून सर्व सांगत होता, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. महाभारतात मात्र तो दहा दिवसांचे युद्ध झाल्यावर रणभूमीवरून येतो आणि भीष्म पडल्याची वार्ता धृतराष्ट्राला देतो. शस्त्रे याला छेदणार नाहीत, हा युद्धातून जिवंत सुटेल, असा वर व्यासांनी त्याला दिला होता. तरीही अखेरच्या दिवशी तो सात्यकीच्या हाती सापडला. त्याच्यावर तलवार उगारली गेली, तेव्हा व्यास स्वतः आडवे आले म्हणून तो वाचला. आजच्या संजयाजवळ असा वर नाही, आणि आडवे येणारे व्यासही नाहीत. तेव्हा त्याच्यासाठी कोणा आईने हात जोडले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

परंतु याच कथेत श्रोत्यासाठीही एक इशारा आहे. धृतराष्ट्राने सारे काही ऐकले. तो रडला, मूर्च्छित झाला. पण त्याच्या पहिल्याच प्रश्नात 'माझे' आणि 'पांडूचे' असा भेद होता, आणि तो भेद ऐकण्याने मिटला नाही. संजयाने त्याला वेळोवेळी त्याचा दोष तोंडावर सांगितला, तोही व्यर्थ गेला. आपणही वार्ताहराचे धैर्य वाखाणतो, त्याच्या जिवाची चिंता करतो. पण तो ज्याच्याकडे बोट दाखवितो तिकडे पाहत नसू, तर त्याने पत्करलेला धोका आपण वायाच घालविला. त्याची खरी काळजी घेणे म्हणजे त्याने आणलेली वार्ता मनात सांभाळून ठेवणे.

काही आठवड्यांनी आईची ती मुलगी सुखरूप परतली. वाहिन्या दुसऱ्या विषयांकडे वळल्या, आणि मीही ते सारे विसरून गेलो. बऱ्याच महिन्यांनी एके संध्याकाळी वाती वळताना आईने अचानक विचारले, "अरे, त्या भुयारातल्या बाईचे पुढे काय झाले असेल?"

मला काही कळेना. मग तिनेच आठवण दिली. त्या वार्ताहराने कीव्हच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात आसऱ्याला आलेली एक बाई दाखविली होती. तिच्या मांडीवर तान्हे मूल होते आणि ती पायातल्या मोज्यांनी त्याचे हात झाकीत होती. मीही तेच चित्र पाहिले होते. हजारोंचा हिशेब आईपुढे मांडणाऱ्या माझ्या मनात त्या हजारांतली एकही व्यक्ती उरली नव्हती. एकीच्याच काळजीने बसलेल्या आईला मात्र त्या एकीने दाखविलेली दुसरी लक्षात राहिली होती.

"ठाऊक नाही, आई," एवढेच मला म्हणता आले. नानांनी पोथीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या संध्याकाळी आईने लावलेल्या दिव्यापुढे मीही हात जोडले.