मन बदलले, तर ‘मी’ बदलतो का?

डोक्याला मार लागून बरे झालेले अनेकजण सांगतात, ‘जखम भरली, टाके निघाले, पण मन पूर्वीसारखे राहिले नाही.’ क्षुल्लक कारणाने राग उफाळतो, आवाज आणि उजेड सहन होत नाही, ओळखीची नावे आठवत नाहीत. काहींना सभोवतालचे जग स्वप्नासारखे, परके भासते. साधना करणाऱ्याला तर आणखी एक प्रश्न छळतो : ‘इतक्या वर्षांची साधना एका आघाताने वाया गेली का?’

प्रथम हे समजून घेऊ या की मेंदू हा शरीराचाच एक अवयव आहे. जोराचा हिसका बसला की त्यातील सूक्ष्म तंतू ताणले जातात. ही इजा साध्या स्कॅनमध्ये दिसेलच असे नाही. हात मोडलेल्या माणसाला ओझे उचलता आले नाही, तर आपण त्याला आळशी म्हणत नाही. मग दुखावलेल्या मेंदूच्या माणसाला राग आवरता आला नाही, तर त्याच्या संस्कारांना दोष का द्यावा?

१८४८ साली अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावर असताना फिनियस गेज नावाच्या २५ वर्षांच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण पूर्वी शांत आणि कर्तबगार असलेला हा माणूस चंचल व उद्धट झाला. तो पहिला गेज राहिलाच नाही, असे त्याचे स्नेही म्हणू लागले. गोष्ट बहुधा येथेच संपवली जाते. परंतु पुढे तो चिली देशात गेला आणि कित्येक वर्षे त्याने घोडागाडी हाकण्याचे काम केले. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, रोजचे तेच काम. या नियमिततेने त्याला पुन्हा सावरले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. गीतेच्या तेराव्या अध्यायात ‘क्षेत्र’ कशाला म्हणावे हे सांगताना केवळ देह आणि इंद्रियेच नव्हे, तर मन, बुद्धी, अहंकार, सुखदुःख, एवढेच काय, धैर्यदेखील क्षेत्रातच मोजले आहे. म्हणजे ज्याला आपण ‘माझा स्वभाव’ म्हणतो, तेही शेतच आहे. शेतावर गारपीट होऊ शकते. शेताला जाणणारा मात्र त्याहून वेगळा आहे. ‘मी पूर्वीसारखा नाही’ हे ज्याला कळते, तो हरवलेला नाही.

येथे सावध राहिले पाहिजे. जग परके वाटणे म्हणजे साक्षीभाव नव्हे. साक्षीभावाने मन शांत होते आणि माणसांविषयी जिव्हाळा वाढतो. आघातानंतरच्या परकेपणाने भीती आणि एकटेपणा वाढतो. त्याला वैराग्य समजू नये, बाहेरची बाधाही समजू नये. ते लक्षण आहे, आणि ते डॉक्टरांना सांगायचे असते.

मग जबाबदारी कुणाची? रागाची पहिली लाट आपल्या हातात नसेल. पण ती ओसरल्यावर पत्नीची, मुलाची क्षमा मागणे, औषध वेळेवर घेणे, मद्यापासून दूर राहणे हे बहुधा हातात असते. जेवढे हातात आहे तेवढाच आपला धर्म. घरच्यांनीही ‘नाटक करतो’ असे म्हणू नये आणि सतत जुन्या दिवसांशी तुलना करू नये.

या काळात साधनाही हलकी असावी. दीर्घ एकाग्रता आणि श्वास रोखून धरण्याचे प्राणायाम बाजूला ठेवावेत. पाच मिनिटे सहज श्वासाकडे लक्ष, थोडे नामस्मरण, मोकळ्या हवेत चालणे आणि पुरेशी झोप एवढे पुरे. थकवा वा अस्वस्थता वाढली तर थांबावे. विसरू नये म्हणून वहीत लिहून ठेवावे; त्यात कमीपणा नाही. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, झटके आले, हातपाय लुळे पडले किंवा गोंधळ वाढला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. जीवन नकोसे वाटू लागले, तर ते मनात न ठेवता जवळच्या माणसाला सांगावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे.

साधना वाया गेलेली नसते. पूर्वी ती शांत मनाने केली. आता अशांत मनाशी दयेने वागणे, हीच साधना आहे.