सदका आणि थट्टा



6 फेब्रुवारी 2023 च्या पहाटे तुर्कस्तान व सीरिया भूकंपाने हादरले. पन्नास हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतर शार्ली एब्दो या फ्रेंच साप्ताहिकाने ढिगाऱ्याचे व्यंगचित्र प्रसिद्ध केले. आशय असा, की आता रणगाडे पाठवण्याचीही गरज उरली नाही. आपण संतापलो, ते योग्यच होते.

परंतु परमुलखातील संकटांवरचे विनोद आपल्याही मोबाइलवर येतात. (मीही एकदा हसलो आहे.) ज्या हाताने मदतनिधीला पैसे पाठवले, त्याच हाताने आपण तो विनोद पुढे पाठवतो. सूरह बकराच्या 264 व्या आयतीत बजावले आहे, की उपकार बोलून दाखवल्याने व मन दुखावल्याने सदका वाया जातो. खडकावरची माती मुसळधार पावसाने धुऊन जावी तसा. कोणी म्हणेल, तेथील लोकांना आमचा विनोद कळणार कसा? पाठीमागे केलेली निंदाही ज्याची केली त्याला कळत नसते. तरी ती गीबतच ठरते.

ढिगाऱ्यातून वाचलेला माणूस स्वतःच्या दुर्दैवावर हसला, तर गोष्ट निराळी. तो त्याचा सब्र असेल. त्याचे हसू आपण उसने घेऊ शकत नाही.

आणि देणाऱ्यावरही हसू नका. हजरत अबू अकील (रजि.) यांनी अर्धा साअ खजूर सदका म्हणून आणले, तेव्हा मुनाफिक हसले: एवढ्याशा दानाची अल्लाहला काय गरज! अधिक देणाऱ्याला त्यांनी दिखाऊ ठरवले. सूरह तौबाची 79 वी आयत या हसणाऱ्यांविषयीच अवतरली.