पाच इंद्रियांचं वटवाघूळ, चार इंद्रियांचा भुंगेरा

चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात रॉड्रिग्ज बेटावरची फळखाऊ वटवाघळं उलटी लटकतात. केंब्रिजजवळच्या विकेन फेन या पाणथळीत 2008 साली पाठीवर काळा क्रूस मिरवणारा एक भुंगेरा पुन्हा सापडला. दोन्ही जाती दुर्मीळ. पण सुखदुःखाची जाणीव ब्रिटनचा कायदा त्यांतल्या एकीलाच देतो.

2022 च्या त्या कायद्यात सगळे पृष्ठवंशीय प्राणी आहेत. तत्त्वज्ञ जोनाथन बर्च यांच्या अहवालानंतर खेकडे, शेवंडी आणि ऑक्टोपसही आत आले. कीटक मात्र उंबऱ्याबाहेरच राहिले. गंमत अशी, की त्याच वर्षी लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले बम्बलबी कसलंही बक्षीस नसताना लाकडी गोळ्या ढकलत बसलेले दिसले. तो खेळच असावा, असं संशोधकांना वाटलं.

थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने ‘वटवाघूळ असणं कसं असतं’ हे विचारणाऱ्या 1974 च्या प्रसिद्ध निबंधासाठी वटवाघूळ निवडलं, गांधीलमाशी नव्हे. उत्क्रांतीच्या झाडावरून फार खाली उतरलं, की तिथे काही अनुभव असेल यावरचा माणसांचा विश्वास पातळ होत जातो, हे कारण त्याने उघडच सांगितलं. म्हणजे खालची पायरी कुठे संपते, हे आपली कल्पनाशक्ती ठरवते. (त्याचं वटवाघूळ प्रतिध्वनीवर उडणारं होतं, फळखाऊ बहुतेक डोळ्यांवर आणि नाकावर भिस्त ठेवतात.)

लेस्टरपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंतच्या जैनांकडेही जीवांची अशी शिडी आहे. इंद्रियं मोजली, तर मुंगीला तीन, भुंग्याला चार आणि वटवाघळाला पाच. भुंगेराही भुंग्याच्याच पायरीवर बसेल. जितकी इंद्रियं जास्त, तितकी हिंसा मोठी. फरक इतकाच, की या शिडीला तळ नाही. मातीत आणि पाण्यातही जीव आहेच. नांगरताना किडे मरतात हे कोल्हापूरकडच्या जैन शेतकऱ्याला ठाऊक असतं. गृहस्थाला ती उद्योगी, म्हणजे कामधंद्यात घडणारी, हिंसा टळत नाही, पण ठरवून केलेली, संकल्पी हिंसा त्याला वर्ज्य आहे.

हा भेद ब्रिटनच्या कीटकशास्त्राला लावला, तर पंचाईत होते. तिथे रानातलं वटवाघूळ पकडायला परवाना लागतो. भुंगेऱ्यांची गणना मात्र जमिनीत पेले पुरून करतात. तळाशी बहुधा मारक द्रव असतो. धावत आलेला भुंगेरा त्यात पडतो, मरतो आणि मोजला जातो. नांगराखाली मेला तो कामाच्या ओघात. पेल्यात मेला तो ठरवून, तेही पुष्कळदा त्याच्या जातीच्या रक्षणासाठी.